घरात माणसं किती?

हिंगणवड्याच्या वरच्या आळीत एकोणीस बंगले आहेत आणि राहायला एकटी बनुबाई. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि नगरपंचायतीच्या नकाशाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून पुढचा सगळा घोळ झाला.

बंगले गलाईवाल्यांचे. विट्याच्या या बाजूची निम्मीशिम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यात. माणसं देशभर पांगलेली. कुणी सेलमला, कुणी कोचीनला, कुणी पार बंगालात. पोट तिकडं भरायचं आणि बंगला मात्र इकडं बांधायचा, ही इथली रीत. बंगलाही साधासुधा नाही. दुमजली, पुढं खांब, दारात संगमरवरी तुळशीवृंदावन. मालक वर्षातनं एकदा जत्रेला येणार, आठ दिवस गाव दणाणून सोडणार आणि जाताना किल्ली बनुबाईच्या हातात ठेवून म्हणणार, "आक्का, दिवा तेवढा लावत जावा."

बनुबाईचं वय त्रेसष्ट, गुडघे त्र्याहत्तरचे आणि जीभ अजून तिशीतली. रोज दिवेलागणीला किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून ती निघायची. तिन्हीसांजेला घर अंधारात असू नये, एवढं एकच शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक बंगल्याचं दार उघडायचं, देवापुढं उदबत्ती, पडवीत बल्ब, तो सकाळपर्यंत जळता ठेवायचा. आठवड्यातनं एकदा मोटर चालू करून झाडांना पाणी. त्यात नव्या बंगल्यातल्या वीरधवलनं एका जत्रेत पिल्लू सोडलं होतं, की टीव्ही नुसता बंद ठेवला तर बिघडतो, आणि फ्रिज तर बिघडतोच बिघडतो. ते ऐकून बाकीचे अठराजणही घाबरले. तेव्हापासून बनुबाई रोज तीन-चार बंगल्यांत थोडा थोडा वेळ टीव्हीपुढं बसायची. एका मालिकेतलं लग्न तिनं असं चार दिवाणखान्यांत मिळून बघितलं होतं. साखरपुडा नाथाजीकडं, हळद आकारामकडं, अक्षता उदयसिंहाकडं, आणि वरात बघायला वीरधवलकडं जाईपर्यंत लाईट गेली.

ती स्वतः राहायची उदयसिंहाच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत. तिचा मुलगा कृष्णात पंधराव्या वर्षी उदयसिंहाच्या भावाबरोबर गलाईला गेला. आता सेलमला त्याचं स्वतःचं बारकं दुकान होतं, बायको आटपाडीकडची, दोन पोरं तिथल्याच शाळेत. रोज दुकान बंद करताना त्याचा फोन यायचा. तो स्वतः मात्र चार वर्षांत आला नव्हता. "पुढच्या जत्रंला नक्की, आई. भट्टी कुनावर टाकून येऊ?" असं तो दर जत्रेला म्हणायचा, आणि बनुबाईला ते पटायचं. पटायचं म्हणजे काय, पटवून घ्यायची. एकदा, धाकटी नात व्हायच्या आधी, ती दोन महिने तिकडं जाऊनही आली. पण दिवेलागण झाली, की तिला काही सुचेना. तिथं घर एकच आणि दिवा आधीच सुनेनं लावलेला.

जानेवारीतल्या एका सकाळी तिच्या दारात एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढी टॅब, पायात धुळीनं माखलेले बूट. सांगलीची होती, नाव अबोली. गावाला नव्यानं नगरपंचायत झाली होती, तिचा विकास आराखडा करायचा होता, आणि कुठल्या इमारतीत किती माणसं राहतात, किती माणसं कामाला येतात, हे तपासत ती फिरत होती.

"मावशी, घरात माणसं किती?"

"पाच," बनुबाई म्हणाली.

अबोलीनं आत डोकावून बघितलं. एक खाट, एक शेगडी, ताटाळ्यात मात्र पाच ताटं. "पाचजण या खोलीत?"

"मग कुटं ऱ्हानार? मी, माजा कृष्णात, सून आन् दोन नातवंडं. रेशनकार्ड दावू का?"

"नको, नको. बाकीचे कुठं आहेत आत्ता?"

"कामाला आन् शाळंला."

आता यातला एकही शब्द खोटा नव्हता. सेलम तेवढं सांगायचं राहिलं.

"आणि या बंगल्यांत?"

"हायती की सगळी."

"पण सगळ्यांना कुलुपं दिसतात."

"दिवसाचं कोन बसतंय घरात? सांच्याला बग येऊन, दिवं लागल्यालं असत्यात."

बनुबाई काही लबाड बाई नव्हती. पण दुसऱ्याच्या नांदत्या घराला रिकामं म्हणायचं, तेही मालकाच्या माघारी, हे तिच्या तोंडातनं निघालंच नसतं. भरल्या घराचा दिवा लावणारी ती. तिनंच घर रिकामं म्हटलं, तर त्या दिव्याला अर्थ काय राहिला?

अबोलीनं टॅबवर बोटं फिरवली आणि हसून म्हणाली, "बरं झालं. आमचा हिशेबही हेच सांगतो. मावशी, तुमच्या आळीच्या टोकाला मोकळी जागा आहे ना, तिथं सरकारी दवाखाना यायची शक्यता आहे. रोज डॉक्टर, आणि औषधंसुद्धा."

बनुबाईचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. इंजेक्शनासाठी विट्याला जायचं म्हणजे एसटीची वाट बघत अर्धा दिवस जायचा, आणि परत आल्यावर गुडघा विचारायचा, की कशाला गेली होतीस? दवाखाना असा चालून दारात येतो म्हटल्यावर तिनं पोरीला बसवून घेतलं, चहा केला, आणि वर आणखी दोन कप भरतील एवढ्या गप्पा मारल्या.

दुपारी सेलमहून उदयसिंहाचा फोन आला. त्याला कुठून कळलं देव जाणे. पण गावातली शिंकसुद्धा या माणसांना आधी सेलमला ऐकू जाते.

"आक्का, सर्व्हेवाली आलती म्हनं? सगळी राहत्यात म्हनूनच सांगा. दवाखाना आपल्या आळीत झाला पायजे. जागंला लय किंमत येती."

"सांगितलंय की, दादा," बनुबाई म्हणाली. तिला वाटलं, एवढं सरळ काम बऱ्याच दिवसांनी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा दूध घेऊन आली. ही ओढ्यापलीकडच्या माळवस्तीतली सून. तिकडं पत्र्याच्या शेडांत यंत्रमाग चालायचे आणि रेश्मा तिथं सुताच्या कांड्या भरायला जायची. सातवा महिना लागला होता, तरी रोज दोन किलोमीटर चढ चढून डेअरीत दूध घालायची आणि जाता जाता बनुबाईचं अर्धा लिटर द्यायची. आज ती पायरीशी पोचली आणि भांडं पुढं करायच्या आधीच मटकन खाली बसली.

"काय गं? काय झालं?"

"काय न्हाई, मावशी. दम लागला." तिचे ओठ पांढरे पडले होते. बनुबाईनं पाणी दिलं, पाठ चोळली. तेवढ्यात रेश्मा हसायला लागली. "तुमच्या गुडघ्याचं काम झालं म्हनं! दवाखाना वर यायला लागलाय. त्या बाई आमच्याकडं बी आलत्या परवा."

"मग तुमच्यात किती मानसं लिवली?"

"आमी सगळी मागावर हुतो. त्यांनी भाईरनंच बगितलं वाटतं. नकाशात पत्रा दिसला की गोठा न्हाईतर गोदाम. आमच्या घराला दोन लिवलीत. आमी आठजन हाय!" तिला त्याचं हसूच येत होतं. "त्या दिशी मागाचा धोटा उडून सासऱ्यांच्या हातावर बसला. विट्याला नेस्तवर रगात थांबंना. तवा म्हटलं हुतं, दवाखाना जवळ पायजे. पर तुमच्यात झाला तरी चाललंय की. तुमी तरी बऱ्या व्हशीला."

तिच्या बोलण्यात वाकडं काहीच नव्हतं, आणि बनुबाईला तेच जड गेलं. रेश्मा भांडली असती, तर बनुबाईनं दुप्पट भांडून घेतलं असतं. त्यात ती कुणाला ऐकणारी नव्हती. ही पोर तर पांढऱ्या ओठांनी तिच्या गुडघ्यांचं भलं चिंतत होती. रेश्मा उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत बनुबाई दारात उभी राहिली. त्या दिवशी दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

दुपार कलताना अबोली पुन्हा आली. कालची हसरी मुलगी नव्हे, चेहरा उतरलेला. पायरीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, माझं काहीतरी चुकलंय. मला समजत नाही, कुठं."

"पानी पी आदी. मग सांग."

अबोलीनं टॅब तिच्यापुढं धरली. वरून टिपलेलं सगळं गाव होतं. प्रत्येक छताची चौकट, आणि तिच्यात केशरी रंग भरलेला. "ही सगळी छतं ड्रोननं टिपली. जिथं माणसं जास्त, तिथं रंग गडद. जिथं कामाला माणसं येतात, तिथं निळा ठिपका. पाच मिनिटं चालून जास्तीत जास्त माणसं जिथं पोचतील, तिथं दवाखाना. बघा, तुमची आळी."

आळी पिकल्या आंब्यासारखी केशरी होती. ओढ्यापलीकडं माळवस्ती फिक्कट, जवळजवळ पांढरी, आणि निळा ठिपका एकसुद्धा नाही.

"या एकोणीस घरांत आम्ही एकशे सत्तर माणसं धरलीत. पण आज अंगणवाडीत विचारलं, या आळीतलं एकही मूल नाही. रेशन दुकानात विचारलं, या बंगल्यांतलं कुणी धान्य न्यायला येत नाही. एकशे सत्तर माणसं काय हवा खाऊन राहतात?"

"मग मानसं धरलीस कशावरनं?"

"विजेच्या मीटरवरून," अबोली म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "तो नियम माझाच. ऑफिसात मीच सुचवला होता. सगळ्यांच्या दारात जायला माणसं पुरत नाहीत, तर मीटर फिरतोय ते घर राहतं, आणि बंगला जेवढा मोठा तेवढी माणसं. सरांनी शाबासकीसुद्धा दिली. तुमच्या आळीत एकही मीटर थांबलेला नाही, मावशी. रोज संध्याकाळी दिवे, टीव्ही, पंखे, आठवड्याला मोटर. अगदी नांदत्या घरासारखं."

बनुबाई टॅबवरच्या त्या एकोणीस केशरी चौकटींकडं बघत राहिली. तिला हळूहळू उमगलं, की ही एकशे सत्तर माणसं म्हणजे ती स्वतः. तिनं नाथाजीकडं लावलेला बल्ब म्हणजे नऊ माणसं. तिनं आकारामकडं बघितलेली मालिका म्हणजे आठ. इतकी वर्षं ती रोज गुडघे दुखवत आळीभर फिरली, कुणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. आणि तिच्या त्याच दिव्यांनी रेश्माच्या वस्तीचा दवाखाना चढावर ओढून आणला होता.

"मावशी," अबोली म्हणाली, "तुम्ही काल सांगितलंत, की सगळे राहतात. तेच खरं असेल, तर मी तसंच ठेवते. इथं राहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर आणि सहीवर हे ठरतं, आणि इथं भेटलेलं माणूस तुम्ही एकच आहात. उद्या आकडे द्यायचे आहेत."

खरं म्हणजे गप्प बसलं असतं, तरी चाललं असतं. पोरगी शंका घेऊन का होईना, निघून गेली असती; दवाखाना दारात आला असता; उदयसिंह खूश, गुडघे खूश. बनुबाईनं कमरेचा जुडगा चाचपला.

"दिवं लावायच्या वक्ताला ये," ती म्हणाली. "माज्यासंगं हिंडायला लागंल."

ऊन ओसरलं तशा दोघी निघाल्या. पहिला बंगला नाथाजीचा. बनुबाईनं कुलूप काढलं, देवापुढं उदबत्ती लावली, पडवीतला बल्ब लावला आणि दारात उभी राहून म्हणाली, "हितं नाथाजी आन् त्याची म्हातारी. दोघं बी कोचीनला लेकाकडं. जाताना म्हातारा ह्या खांबाला मिठी मारून रडला. हितं कोन न्हाई. लिव."

तिनं "कोन न्हाई" म्हटलं आणि लगेच उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, घराची माफी मागितल्यासारखा. अबोलीनं नऊचं शून्य केलं.

दुसरा आकारामचा. "ह्यांनी वास्तुशांत केली, सारं गाव जेवलं, आन् त्याच रातच्या गाडीनं गेली मानसं. दुकानात चोरी झाली म्हनून फोन आला. ह्या घरात अजून कुनी झोपल्यालं न्हाई बग. पलंगाचा कागद बी निघाला न्हाई. लिव, कोन न्हाई."

प्रत्येक घराचं असंच. बनुबाई दिवा लावायची, माणसांची नावं घ्यायची, कुठं गेली, का गेली, कुणाला नातू झाला, कुणाची बायपास झाली, सगळं सांगायची, आणि मग म्हणायची, "लिव." अबोलीच्या टॅबमध्ये एवढ्या माहितीला जागाच नव्हती. तिथं फक्त आकडा मावायचा. पण ती सगळं ऐकून घेत होती, आणि एकेक चौकट फिकी होत होती. वीरधवलच्या बंगल्यात बनुबाईनं सवयीनं टीव्हीचं बटण दाबलं आणि दोघींनी उभ्याउभ्या एका सासूबाईंचं कारस्थान बघितलं. "ही लय बेरकी हाय," बनुबाई म्हणाली. "पर हितं बी कोन न्हाई."

उदयसिंहाच्या बंगल्यापाशी ती थांबली. आत जायच्या आधी तिनं पदराच्या गाठीतला फोन काढला आणि अबोलीकडून नंबर लावून घेतला. कानानं थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"दादा, बनुबाई बोलते. मी पोरीला खरं सांगितलंया. आळीत कोन ऱ्हात न्हाई म्हनून."

पलीकडं रस्त्याचा आवाज होता, त्यातनं उदयसिंह चिडून म्हणाला, "आक्का, काय केलंसा हे! कुनी सांगितलं हुतं तुमाला शानपना करायला?"

"रेश्मा हाय माळवस्तीतली. पोटुशी. तिनं सांगितलं न्हाई, पर मला कळलं. दादा, तुमचा दिवा मी लावीन. मरस्तवर लावीन. पर तिकडच्या लेकराबाळांचा दवाखाना माज्या दिव्यानं हिकडं यायला लागला, तर त्यो दिवा लावताना माजा हात कापंल. किल्ल्या काडून घ्यायच्या, तर घ्या."

उदयसिंह म्हणाला, "किल्ल्या कुनाकडं देऊ दुसऱ्या? लावा दिवा," आणि फोन ठेवला. रागात होता, पण बोलला ते खरं होतं. बनुबाईनं दार उघडून उदबत्ती लावली.

एकोणीस झाले. अबोलीनं आळीची सगळी पानं पुन्हा एकदा बघितली आणि म्हणाली, "झालं, मावशी. दवाखाना आता ओढ्यापलीकडं जातो. उद्या सकाळी मी माळवस्तीत प्रत्येक पत्र्याच्या आत जाऊन मोजते, राहणारीही आणि मागावरचीही. बाहेरून नाही."

"झालं कुटं?" बनुबाई म्हणाली. "माजी खोली ऱ्हायली की."

ती खोलीत गेली, दिवा लावला, आणि दारातच उभी राहिली. "हितं तू पाच लिवल्यात न्हवं?"

अबोलीला काय येतंय ते कळलं. "मावशी, तुमचं राहू दे. एका खोलीनं दवाखाना हलत नाही."

"दुसऱ्याची एकोनीस घरं माज्या तोंडानं रिकामी केली, आन् माजं तेवढं भरल्यालं ठिवू व्हय? मग मी कसली मानूस?" तिनं कमरेचा जुडगा सोडून हातात घेतला. "किती दिस ऱ्हात नसला तर मानूस धरत न्हाई तुमच्यात?"

"सहा महिने."

"माजा कृष्णात चार वर्सं आला न्हाई. धाकट्या नातीला तर मी फोनातच बगितलंय. एक लिव, पोरी. मी एकटीच असती हितं."

अबोलीचं बोट तरंगतच राहिलं. मग तिनं पाचाचा एक केला. छोटीशी चौकट फिकट झाली, आणि बनुबाईनं ती होताना बघितली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण चार वर्षं तिनं हे कुणाला म्हटलं नव्हतं, देवालासुद्धा नाही, आणि आज नकाशाला सांगताना तिला स्वतःला पहिल्यांदा ऐकू आलं. पदरानं तोंड झाकून ती उंबऱ्यावर बसली. अबोली तिच्या शेजारी बसली. सांगलीत आपल्या आईला तीन आठवड्यांत नुसते मेसेज गेलेत, फोन नाही, हे तिला तेव्हा आठवलं आणि लाज वाटली, असं तिनंच बनुबाईला सांगितलं.

थोड्या वेळानं अबोली म्हणाली, "एक रकाना राहिला, मावशी. काम. तुम्ही काय काम करता?"

"काम कसलं आलंय? दिवं लावती."

"तेच लिहिते." तिनं आळीच्या मधोमध बोट टेकवलं आणि तिथं एक निळा ठिपका उमटला. फिकट पडलेल्या सबंध आळीत तेवढा एकच. बनुबाईनं पदर बाजूला करून तो दोनदा बघितला.

"मग दिवं लावू का नगं आता?"

"लावा की. दिवे बघून माणसं मोजली, ती चूक माझी. तुमचं काही चुकलं नाही." तिनं सही घ्यायला टॅब पुढं केली. "ही यादी पंधरा दिवसांनी नगरपंचायतीच्या भिंतीवर लागेल. तीस दिवस राहील. कुणाला चुकलं वाटलं, तर हरकत घेता येते. फक्त ज्याचं त्यानं स्वतः येऊन."

बनुबाईनं सही केली तेवढ्यात फोन वाजला. कृष्णातची रोजची वेळ.

"आई, जेवलीस का?"

"आरं, जेवन कुटलं! तुला घरातनं खोडलं आज."

"कुनी?"

"मीच." आणि मग तिनं सगळं सांगितलं, मीटर, एकशे सत्तर माणसं, रेश्मा, उदयसिंह, सहा महिन्यांचा नियम. सांगता सांगता तिचा आवाज जाग्यावर आला. पलीकडं कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं, ते अर्ध्यावरच थांबलं.

"म्हंजे मी घरचा न्हवं आता?" कृष्णात म्हणाला. त्याला हसून बोलायचं होतं, पण ते जमलं नाही.

"घरचा हाईस की, बाळा. पर घरात न्हाईस. ते मी आजपत्तूर म्हनत नव्हते, एवडंच. पाचाचा एक केला बग. यादी लागनार हाय भित्तीला. चुकलं असलं तर हरकत घ्यायची म्हनं, ज्याची त्यानं येऊन. तीस दिस."

फोन कट झाला की काय, म्हणून बनुबाईनं तो डोळ्यांपुढं धरून बघितला. मग कृष्णातनं नाक ओढलं.

"आई, ती मॅडम हाय का तितं? इचार तिला. हरकत चौघांची हाय. मी एकट्यानं येऊन सही केली तर चालतंय, का चौघांनी बी यायला लागतंय?"

बनुबाईनं अबोलीकडं बघितलं. पोरगी पटकन पुढं सरकली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली,

"चौघांनी. लहान मुलांनीसुद्धा. तसा नियम आहे."